प्रकाशझोत कोणाच्या हाती?

सार्वजनिक जागेतल्या प्रकाशकलेला सध्या चांगले दिवस आहेत. सिडनीत २००९ पासून ‘व्हिव्हिड’ महोत्सव भरतो, ॲमस्टरडॅमच्या कालव्यांवर हिवाळ्यात दिव्यांच्या कलाकृती उभ्या राहतात आणि फ्रान्समधल्या ल्यों शहराच्या डिसेंबरातल्या दीपोत्सवाला लाखो लोक लोटतात. अशा महोत्सवांच्या जाहिरातींत ‘लोकसहभाग’ हा शब्द हटकून असतो. प्रत्यक्षात लोक बहुधा माना वर करून इमारतीच्या भिंतीवर सरकणारी चित्रे पाहतात, नाहीतर सेन्सरपुढे हात हलवून रंग बदलतात. आणि कोणता रंग उमटणार हेही आधीच ठरलेले असते. ल्योंची प्रथा मुळात १८५२ सालची, नागरिकांनी आपापल्या खिडकीत लावलेल्या दिव्यांची. तिथले लोक तेव्हा दिवे लावणारे होते, आज ते मुख्यतः प्रेक्षक आहेत. कलावंताला एकट्याने ठरवता आले नसते असे काही लोकांमुळे कृतीत उतरले, तरच तिला सहनिर्मिती म्हणावे, असे माझे मत आहे.

ही कसोटी अवाजवी नाही. कलावंत राफाएल लोसानो-हेमर यांनी १९९९ च्या अखेरीस मेक्सिको शहरातल्या सोकालो चौकाभोवती १८ प्रचंड सर्चलाइट बसवले आणि त्यांची रचना इंटरनेटवरून कोणालाही करू दिली. सर्चलाइटचा इतिहास सुखाचा नाही. १९३४ मध्ये नाझींचे वास्तुविशारद अल्बर्ट श्पेअर यांनी न्यूरेंबर्गला असेच शंभरावर झोत आकाशात सोडले, ते माणसाला गर्दीत विरघळवण्यासाठी. साधन तेच, पण सोकालोत प्रत्येक रचना कोणा एकाची होती. लोकांच्या हाती दिले की कला सुमार होते, हा आक्षेप मला खोडून काढावासा वाटतो. दिव्यांची संख्या, त्यांच्या जागा, त्यांच्या हालचालींची मर्यादा हे सारे लोसानो-हेमर यांनीच बांधून दिले होते. बर्लिनमध्ये २००१ साली केऑस कॉम्प्युटर क्लब या हॅकरांच्या संघटनेने एका इमारतीच्या १४४ खिडक्यांचा पडदा केला. त्यावर मोबाइलवरून खेळ खेळता येत होता, लोकांनी पाठवलेली हलती चित्रे झळकत होती. चौकट इतकी काटेकोर होती, म्हणूनच तिच्यात अनोळखी माणसाची भर उठून दिसली.

दुसरा आक्षेप अधिक खरा आहे: नुसती रोषणाईही माणसांना रात्री घराबाहेर काढते, चौक जिवंत करते. हे मोल मला मान्य आहे. पण लोसानो-हेमर यांचीच २००८ ची ‘व्होस आल्ता’ ही कलाकृती त्यापलीकडे गेली. १९६८ मध्ये मेक्सिको शहरातल्याच त्लातेलोल्कोच्या चौकात विद्यार्थ्यांवर गोळीबार झाला, त्याच्या चाळिसाव्या स्मृतिवर्षी तिथे एक भोंगा ठेवला होता. त्यात कोणीही बोलावे; आवाजाच्या चढउताराबरोबर सर्चलाइट उजळे आणि मंदावे, आणि तेच शब्द विद्यापीठाच्या रेडिओवरून शहरभर ऐकू जात. कोण काय बोलेल याची हमी आयोजकांना नव्हती. सरकारवर उघड आरोप झाले, तर तेही प्रकाशात येणार होते. एवढी जोखीम घ्यायला प्रायोजक आणि नगरपालिका क्वचितच राजी होतात. सेन्सरपुढे हलणाऱ्या हाताला शब्द नसतात, म्हणून त्याला परवानगी लवकर मिळते.