‘प्राण्यांवर सुरक्षित’ : एका शब्दप्रयोगाची चिकित्सा

मराठीतील आरोग्यविषयक लेखनात ‘हे औषध प्राण्यांवर सुरक्षित ठरले आहे’ असे विधान वारंवार आढळते. त्यात प्राण्याचे नाव क्वचित असते, वय तर जवळजवळ नसतेच. हृदयास अपाय करू शकणाऱ्या औषधांबाबत ही उणीव केवळ भाषेची राहत नाही.

प्रयोगशाळेतील उंदीर बहुधा दोन-तीन महिन्यांचा, म्हणजे ऐन तारुण्यातला असतो. त्याचे आयुष्य दोन ते तीन वर्षांचे. हृदयरोगी मात्र बहुधा उतारवयातला. तरुण हृदयावरून काढलेला निष्कर्ष वृद्ध हृदयास जसाच्या तसा कसा लागू पडावा?

‘लहान ते नाजूक’ हा सोपा नियमही येथे टिकत नाही. डिजिटॅलिस वर्गातील औषध कुत्र्याचे नवजात पिलू प्रौढ कुत्र्यापेक्षा अधिक सहन करते. मानवी अर्भकासही डिजॉक्सिनची मात्रा वजनाच्या मानाने प्रौढापेक्षा जास्त लागते. वृद्धात मूत्रपिंडाचे काम मंदावते, औषध शरीरात साठते आणि नेहमीची गोळीही हृदयाची लय बिघडवू शकते. कर्करोगावरील डॉक्सोरुबिसिनची गोष्ट याहून वेगळी आहे. त्याचा धोका बालवय व वृद्धत्व या दोन्ही टोकांना अधिक असतो. उंदरांच्या पिलांना ते अल्प मात्रेत दिले असता त्या वेळी हृदय ठीक दिसले. मोठेपणी ताण पडताच दुबळेपणा उघड झाला. म्हणजे ‘सुरक्षित’ म्हणताना कोणत्या वयात आणि किती काळ पाहिले, हेही सांगावे लागते.

इंदूरला हा प्रश्न परका नाही. येथील औषध-चाचण्यांत बालकांचाही समावेश होता. येथील स्वास्थ्य अधिकार मंचाने २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल केली आणि २०१३ मध्ये संमती देतानाचे ध्वनिचित्रमुद्रण आवश्यक ठरले. त्या चाचण्या हृदयाच्याच होत्या असे नव्हे; पण मुद्रण झाले तरी संमती शब्दांवरच दिली जाते. सुदामा नगरातील एखादी आजी नातवाच्या कागदावर अंगठा उठवते, तेव्हा तिच्यापाशी ‘सुरक्षित’ या एका शब्दापलीकडे काय असते?

म्हणून विज्ञानविषयक मराठी लेखकाने प्राणी, त्याचे वय, मात्रा आणि निरीक्षणाचा काळ या चार गोष्टी सांगितल्याशिवाय ‘सुरक्षित’ हा शब्द लिहू नये. वाक्य थोडे लांबेल, पण वाचकाची फसगत टळेल.