भ्रमणध्वनीवरील शिकवणी आणि लातूरची अध्यापनपद्धती

शिक्षणाच्या नव्या साधनाचे मूल्य ते किती जणांपर्यंत पोहोचले यावरून ठरविण्याची प्रवृत्ती सर्वत्र आढळते. भ्रमणध्वनीवरील अध्ययन-ॲपांविषयीची बरीचशी चर्चा याच वळणाने गेली आहे. परंतु पोहोचणे आणि शिकविणे या दोन भिन्न क्रिया आहेत. त्यांच्यातील भेद लातूर व नांदेड या शहरांच्या अनुभवावरून विशेष स्पष्टपणे ध्यानात येतो.

‘लातूर पॅटर्न’ या नावाने परिचित असलेली पद्धती राजर्षी शाहू महाविद्यालयात आकारास आली. प्राचार्य डॉ. जनार्दन वाघमारे यांचे नाव तिच्याशी निगडित आहे. पुढे १९९४ मध्ये नांदेड येथे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले, तेव्हा त्याचे पहिले कुलगुरू तेच झाले. जादा तास, प्रश्नपत्रिकांचा सततचा सराव आणि वारंवार होणाऱ्या चाचण्या ही या पद्धतीची बाह्य अंगे होत. तिचे मर्म मात्र देखरेखीत होते. विद्यार्थी मागे पडला तर त्याची चूक दाखविणारा व त्याला जाब विचारणारा शिक्षक त्याच महाविद्यालयात होता. या पद्धतीवर परीक्षाकेंद्रिततेचा आक्षेप घेतला गेला, आणि तो निराधार नव्हता. तथापि मागासलेल्या म्हणून हिणविल्या गेलेल्या प्रदेशातील मुलांना तिने आत्मविश्वास दिला, हेही नाकारता येत नाही.

कालांतराने ही देखरेख महाविद्यालयातून खासगी वर्गांकडे सरकली. लातुरातील ‘ट्यूशन एरिया’ आणि नांदेडातील श्यामनगर-बाबानगरचा परिसर ही या स्थित्यंतराची दृश्य रूपे होत. खोलीभाडे, खानावळ, अभ्यासिका व वर्गाचे शुल्क मिळून एका मुलामागे होणारा खर्च कोरडवाहू शेतकऱ्याच्या ऐपतीपलीकडचा ठरू लागला. ॲपाला ग्राहक मिळाला तो या अडचणीतून. महाविद्यालयीन वर्ग ॲपांनी ओस पाडले, असे म्हणणे म्हणूनच इतिहासाला धरून होणार नाही.

बाजारपेठ निर्माण होण्यास आणखी दोन कारणे घडली. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ मधील निर्णयानंतर महाराष्ट्रातील वैद्यकीय प्रवेश ‘नीट’ या अखिल भारतीय परीक्षेच्या गुणांवर होऊ लागले. राज्याचा अभ्यासक्रम आणि राज्याची परीक्षा हे स्थानिक शिक्षकाचे कुंपण त्यामुळे मोडले, व एकच व्याख्यान देशभर विकता येईल अशी स्थिती आली. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात जिओची सेवा सुरू होऊन इंटरनेट स्वस्त झाले. २०२० च्या टाळेबंदीने या प्रवाहाला अकल्पित वेग दिला.

या व्यवसायाचे अर्थशास्त्र साधे आहे. व्याख्यान ध्वनिचित्रित करण्यास जो खर्च येतो तो एकदाच. लाखाव्या विद्यार्थ्याला ते दाखविण्यास जवळजवळ काहीच लागत नाही. देखरेखीचे तसे नाही. विद्यार्थी दुप्पट झाले की तपासणारी माणसेही दुप्पट लागतात. साहजिकच कंपन्यांचा ओढा व्याख्यानाकडे राहिला, आणि भांडवल जाहिरात व विक्री यांकडे वळले. बायजूजचे ॲप २०१५ मध्ये निघाले. २०२२ मध्ये कंपनीचे मूल्य २२ अब्ज डॉलर मानले गेले. आणि जुलै २०२४ मध्ये तिच्या मूळ कंपनीविरुद्ध दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू झाली. दरम्यान डिसेंबर २०२१ मध्ये केंद्रीय शिक्षण मंत्रालयाला अशा कंपन्यांच्या कर्जयोजना व खात्यातून आपोआप होणारी वसुली यांबाबत पालकांना सावध करावे लागले होते.

याहून उद्बोधक गोष्ट निराळीच आहे. बायजूजने २०२१ मध्ये ‘आकाश’ ही प्रत्यक्ष वर्ग चालविणारी संस्था विकत घेतली. अल्प शुल्कामुळे लोकप्रिय झालेल्या फिजिक्सवालाने २०२० मध्ये ॲप काढले, आणि २०२२ पासून वर्गांची केंद्रे उघडली. स्थळाचे बंधन नाहीसे करण्याचे आश्वासन देणारा व्यवसाय अखेर स्थळाकडेच वळला. देखरेख ही भ्रमणध्वनीवरून सहज विकता येणारी वस्तू नव्हे, याची ही व्यवसायाने स्वतःच दिलेली कबुली होय.

म्हणून ॲप निरुपयोगी ठरते काय? तसा निष्कर्ष घाईचा होईल. किनवट किंवा जळकोट तालुक्यातील जी मुलगी घरच्या अडचणीमुळे शहरात राहू शकत नाही, तिला न समजलेला भाग चार वेळा ऐकता येणे ही मोठीच सोय आहे. परंतु या सोयीचा लाभ मुख्यतः ज्याला स्वतःची चूक स्वतः ओळखता येते त्यालाच होतो. ज्याला ती ओळखता येत नाही, त्याच्यासाठीच तर शिक्षक असतो.

भाषेचा प्रश्नही येथे उपस्थित होतो. दहावीपर्यंत मराठीतून शिकलेला विद्यार्थी अकरावीच्या विज्ञानशाखेत एकदम इंग्रजीपुढे उभा राहतो. ‘नीट’ची प्रश्नपत्रिका २०१७ पासून मराठीतही मिळते, पण मोठी ॲपे संख्येच्या हिशेबाने हिंदी व इंग्रजीकडे झुकतात. शासनाच्या ‘दीक्षा’वर शालेय पाठ्यपुस्तकांचे साहित्य मराठीत विनामूल्य उपलब्ध आहे. परंतु ज्या टप्प्यावर मराठी स्पष्टीकरणाची सर्वाधिक निकड भासते, तेथे विद्यार्थ्याला बहुधा स्थानिक शिक्षकाच्या मराठी-इंग्रजी मिश्र बोलीचाच आधार असतो.

या साधनांचे परीक्षण करणाऱ्या शिक्षणशास्त्राच्या अभ्यासकाने सदस्यसंख्येपाशी थांबू नये. मागे पडलेल्या विद्यार्थ्याची दखल किती दिवसांत घेतली जाते, ती कोण घेते आणि कोणत्या भाषेत, हे प्रश्न त्याने विचारले पाहिजेत. ते ॲपाला विचारावेत, खासगी वर्गाला विचारावेत, आणि ही देखरेख ज्याच्या हातून निसटली त्या महाविद्यालयालाही विचारावेत. महाविद्यालयांनी ती पुन्हा अंगीकारली, तर ॲप हे त्यांच्या हातातील एक चांगले साधन होईल. न अंगीकारल्यास ज्याच्यापाशी शहरात राहण्याइतका पैसा आहे त्याला शिक्षक, आणि ज्याच्यापाशी तो नाही त्याला केवळ पडदा, अशी विभागणी मराठवाड्यात रूढ होण्याचा धोका आहे.