उपऱ्याची पंगत

नाटकावर वा गायनावर टीका लिहिणाऱ्यास आपल्याकडे रसिक म्हणतात. जेवणावर टीका लिहिणाऱ्यास मात्र खादाड म्हणतात. ही रीत जुनी असली तरी शास्त्राला धरून नाही. भरतमुनींनी नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायात रसाची उपपत्ती सांगताना दृष्टांत घेतला तो स्वयंपाकघरातला. नाना व्यंजनांनी संस्कारलेले अन्न सेवन करणारे सुमनस पुरुष जसा रसांचा आस्वाद घेतात, तसाच आस्वाद प्रेक्षक नाट्यात घेतो, असे ते सांगतात. यातील ‘सुमनस’ हे विशेषण महत्त्वाचे आहे. पदार्थ कितीही उत्तम असो, खाणाऱ्याचे मन सिद्ध नसेल तर रसनिष्पत्ती होत नाही. ही कसोटी हाती घेऊन थायलंडातील एका समुद्रकाठच्या गावी परदेशी रहिवाशांच्या पंगतीचे परीक्षण करावे, असा या लेखाचा हेतू आहे.

गावाचे नाव हुआ हिन. बँकॉकच्या नैर्ऋत्येस सुमारे दोनशे किलोमीटरांवर, सयामच्या आखातावर ते वसले आहे. मूळची ही कोळ्यांची वस्ती. १९११ साली रेल्वे आली, १९२३ साली रेल्वेचे मोठे हॉटेल उभे राहिले, पाठोपाठ गोल्फचे मैदान झाले आणि राजधानीतील श्रीमंतांची येथे वर्दळ सुरू झाली. सातवा राम, राजा प्रजाधिपोक, याने येथे एक प्रासाद बांधविला व त्याला ‘क्लाय कांगवोन’, म्हणजे ‘चिंतेपासून दूर’, असे नाव दिले. परंतु २४ जून १९३२ रोजी बँकॉकमध्ये राज्यक्रांती झाली आणि अनियंत्रित राजसत्ता संपल्याची वार्ता राजाला येऊन पोहोचली ती याच प्रासादात! चिंतेपासून दूर जाण्यासाठी माणसाने कितीही लांबचा किनारा गाठला, तरी चिंता त्याचा पत्ता शोधून काढते, ही शिकवण या गावाच्या इतिहासातच कोरलेली आहे.

आज येथे राहणाऱ्या परदेशी लोकांत निवृत्तांचा भरणा मोठा आहे. स्वीडन, नॉर्वे, डेन्मार्क, जर्मनी, इंग्लंड अशा देशांतून थंडीला व महागाईला कंटाळलेली वृद्ध मंडळी येतात. कोणी हिवाळ्यापुरती, कोणी कायमची. सरकारचे नियम स्पष्ट आहेत. वय पन्नासाच्या पुढे हवे, बँकेत आठ लक्ष बाट ठेवावे किंवा दरमहा पासष्ट हजारांचे उत्पन्न दाखवावे, आणि दर नव्वद दिवसांनी आपण कोठे राहतो हे कळवावे. जमीन त्यांच्या नावावर होत नाही. पंधरा वर्षे राहिलेला माणूसही कागदावर पाहुणाच राहतो. अशा माणसाच्या घरी चूल क्वचित पेटते. एकट्यासाठी रांधण्यापेक्षा बाहेर जेवणे स्वस्त पडते. शिवाय बाहेर गेले की चार शब्द तरी बोलायला मिळतात. त्यामुळे खाणावळ हीच त्यांची ओसरी, वाचनालय आणि देऊळही होऊन बसते. त्यांच्या खाण्याविषयीच्या चर्चा इतक्या दीर्घ व इतक्या कडवट का होतात, याचे उत्तर येथे आहे. ज्याचे सामाजिक जीवन सारे भोजनगृहात, त्याला आमटीतले मीठ जास्त होणे हा आयुष्यातील अपेक्षाभंग वाटतो.

मी त्या गावी काही दिवस राहिलो आणि या मंडळींच्या शेजारच्या टेबलावर पुष्कळ ऐकले. त्यांच्या टीकेचे निकष चार: वाढलेल्या अन्नाचे प्रमाण, किंमत, स्वच्छता आणि कालची चव आज तशीच आहे की नाही. हे निकष टाकाऊ नव्हेत. मोजक्या निवृत्तिवेतनावर जगणाऱ्याने किंमत पाहू नये असे कोण म्हणेल? तथापि हे सगळे गिऱ्हाइकाचे निकष झाले. त्यांत भोक्त्याचा एकही नाही. पदार्थ कसा आहे हे ते तपासतात. आपण त्याच्यापुढे कसे बसलो आहोत हा प्रश्न त्यांच्या मनाला शिवत नाही.

एक प्रसंग सांगतो. एक वृद्ध दांपत्य जेवायला बसले. त्याने आपल्यासाठी हिरवी केंग मागविली, तिने आपल्यासाठी भाजीचा एक परतलेला पदार्थ. ही केंग म्हणजे नारळाच्या दुधातील रस्सा. गृहस्थांनी तो वाडग्यातून सुपासारखा प्यायला. तिखट लागला म्हणून पाणी प्यायले. मग उरलेला भात नुसताच खाल्ला, आणि जेवण खारट, तिखट व बेचव असल्याचा निर्णय दिला. तो निर्णय त्यांच्यापुरता खरा होता. कारण नुसती आमटी पिऊन मागाहून कोरडा भात खाल्ला तर आपल्याकडच्या उत्तमातील उत्तम सुगरणीचा स्वयंपाकही असाच लागेल. थाई जेवणाची रचना निराळी आहे. मध्ये भात, आणि भोवती सर्वांत मिळून तीन-चार पदार्थ: एक आंबट, एक खारट, एक सौम्य, एक जळजळीत. उजव्या हातात चमचा, डाव्या हातात काटा. काट्याने घास चमच्यावर लोटावयाचा, तोंडात चमचाच जावयाचा. प्रत्येकाने सर्वांतून थोडे थोडे घ्यावयाचे. तिखट पदार्थ तिखट असतो तो शेजारच्या सौम्य पदार्थाच्या भरवशावर. एकेकाने एकेक ताटली आपल्यापुढे ओढली की ही संगती मोडते; मग सनई वेगळी, चौघडा वेगळा ऐकून मंगलवाद्याचे परीक्षण केल्यासारखे होते.

नूडल्सच्या साध्या दुकानातही हेच तत्त्व दिसते. टेबलावर चार भांडी मांडलेली असतात: साखर, मिरचीची पूड, मिरच्या घातलेला शिरका आणि ‘नाम प्ला’ हे मासळीचे खारे पाणी. आचारी पदार्थ जाणून थोडा अपुरा ठेवतो आणि शेवटचा हात खाणाऱ्याने फिरवावा अशी अपेक्षा करतो. सहृदय प्रेक्षकावाचून नाट्य पूर्ण होत नाही, या सिद्धांताचे याहून सोपे उदाहरण मला सापडणार नाही. आमचे परदेशी मित्र ती भांडी शोभेची समजून बाजूला सारतात आणि ‘चव नेहमी सारखी राहत नाही’ अशी तक्रार करतात!

दुसरा दोष याच्या अगदी उलट टोकाचा आहे. काही जुने रहिवासी ‘अस्सल’पणाचे पहारेकरी होतात. ‘खरे थाई जेवण येथे उरले नाही’ हे त्यांचे पालुपद. हा अस्सलपणा कोणत्या काळचा? १५१० साली गोवा घेणाऱ्या अल्बुकर्कने १५११ साली मलाक्का जिंकले, आणि त्याच वर्षी पोर्तुगीज वकील अयुथ्येच्या दरबारी गेला. ज्यांच्या गलबतांतून मिरची गोव्याच्या मसाल्यात आली, त्यांच्याच व्यापाराने ती तिकडेही रुजली. सोम तामसाठी खलात कुटावयाची पपई मूळची अमेरिकेची, आणि तो पदार्थ लाओसला लागून असलेल्या ईशान्येच्या इसान प्रांताचा. ‘पाद थाई’ देशभर पसरला तो पंतप्रधान फिबून सोंगख्राम याच्या राजवटीत, राष्ट्रीयत्वाच्या प्रचाराबरोबर. म्हणजे त्याचे वय शंभर वर्षेही नाही. ‘फोय थाँग’ ही अंड्याच्या बलकाची सोनेरी शेवयांची मिठाई थेट पोर्तुगीज पाकशास्त्रातून आलेली. बेबिंकेत बलक ओतणाऱ्या गोमंतकीयाला ती भगिनी म्हणून सहज ओळखू येईल. जे परक्याकडून घेऊन पचविले, तेच कालांतराने आपले झाले. तेव्हा अस्सलपणाचा शोध पदार्थाच्या जन्मपत्रिकेत न घेता तो रांधणाऱ्याच्या हातात व वाढणाऱ्याच्या भावात घ्यावा.

यजमानांचाही दोष सांगितला पाहिजे. पाहुण्याला तिखट सोसत नाही असे एकदा ठरले की आचारी मिरची कमी करतो, साखर वाढवितो; आणि वर्षानुवर्षे असे करता करता त्याच्या हाताला मूळ प्रमाणाचा विसर पडतो. किनाऱ्यावरील कित्येक भोजनगृहांची यादी आज एकमेकींची नक्कल वाटते. त्यात थाई केंगेशेजारी पिझ्झा, आणि पिझ्झ्याशेजारी उत्तर हिंदुस्थानी पनीर. घरगुती चवीची ‘खाव केंग’ची दुकाने, जेथे सकाळी मोठमोठ्या पातेल्यांत रस्से मांडतात आणि दुपारपर्यंत ती पातेली रिकामी होतात, ती शोधायला समुद्राकडे पाठ फिरवून आत बाजाराच्या बाजूस जावे लागते. गिऱ्हाइकाला जे आवडेल असे वाटते ते देत गेले, की एक दिवस देण्यासारखे आपले काही उरत नाही.

आणि आता आपल्याविषयी. फिरंग्याला नावे ठेवणे सोपे असते. परंतु त्याच गावात मला आपल्याकडचा एक प्रवासी जथा भेटला. सोबत मेतकूट, चकल्या, लोणची, आणि मुक्कामी गेल्यावर पहिला प्रश्न ‘आपल्याकडचे जेवण कोठे मिळेल?’ शाकाहाराचे बंधन असलेल्याने जपून राहावे हे योग्यच. नाम प्ला तेथे भाजीतही असते. पण त्या मंडळींना हे ठाऊक नव्हते की पिवळ्या निशाणावर तांबड्या अक्षरांत ‘जे’ असे लिहिलेल्या दुकानात मांस, मासे, अंडी, दूध तर नाहीच, पण कांदा-लसूणही शिजत नाही. चिनी पंचांगाच्या नवव्या महिन्यात, बहुतेक वर्षी आपल्या शारदीय नवरात्राच्याच दिवसांत, नऊ दिवस हे व्रत तेथे पाळले जाते. चातुर्मासात कांदा-लसूण वर्ज्य करणाऱ्याला याहून जवळचा सोयरा कोण? शाकाहाराला तेथील शब्द ‘मांगसविरत’, म्हणजे आपली ‘मांसविरती’. जेवणाला ‘आहान’, म्हणजे ‘आहार’. अंगणातल्या छोट्या देवघरासमोर सकाळी पाणी, फुले व अन्न ठेवणारी बाई नैवेद्य दाखवीत असते हे सांगायला दुभाषा लागत नाही. ज्या देशाने आपल्यासाठी इतकी दारे उघडी ठेवली, तेथे आपण पनीर शोधीत फिरलो. आपणही सुमनस भोक्ते ठरलो नाही.

हा प्रश्न केवळ चवीचा असता तर एवढा विस्तार केला नसता. उद्या गोव्याच्या किनाऱ्यावर हेच होणार, किंबहुना पुष्कळसे झालेही आहे. जेथे पूर्वी अतिथी येत तेथे आता गिऱ्हाईक येते. आणि अतिथीला यजमान असतो, गिऱ्हाइकाला केवळ दर असतो. आंबट-तिखट हुमण ‘पाहुण्यांना चालत नाही’ म्हणून यादीतून गेले, तर आपल्या नातवंडांना ते कोठे भेटेल? उलट बाजूही विसरू नये. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे येथे मराठी घराणी गेली, पिढ्यान् पिढ्या राहिली. त्यांनी तेथील चव घेतली, आपली दिली, आणि आज इंदूरच्या सकाळी पोहे-जिलबीवाचून उजाडत नाही. परके गाव आपले होण्याची एक परीक्षा अशी की आपण त्याच्या ताटात काय घातले आणि त्याच्या ताटातले काय घेतले. पैसे देऊन जेवलो, एवढ्याने तिच्यात उत्तीर्ण होता येत नाही.

हुआ हिनमध्ये या परीक्षेस उतरलेला एक गृहस्थ मला भेटला. उत्तर युरोपातला, विधुर, सत्तरी ओलांडलेला. रोज सकाळी तो आतल्या बाजारातील एका खाव केंगच्या दुकानी बसे. पहिली दोन वर्षे, तो म्हणाला, बोटाने पातेले दाखवीत होतो. मग पदार्थांची नावे शिकलो. मग कोणता पदार्थ कोणत्या पदार्थाशेजारी घ्यावा हे त्या बाईने शिकविले, पुष्कळदा रागावून. पुढे एकदा तो तापाने पडला व तीन दिवस दिसला नाही, तेव्हा तिने मुलाच्या हाती पातळ भाताची पेज पाठविली, आणि तिचे पैसे घेतले नाहीत. ‘त्या दिवशी मी या गावात राहायला आलो,’ असे तो म्हणाला. त्याला तेथे येऊन तेव्हा पाच वर्षे झाली होती. मी बसलो असतानाच बाईने त्याला विचारले, ‘किन खाव रू यांग?’ शब्दशः अर्थ, भात खाल्लात का? तेथे कुशल विचारण्याची ही रीत आहे. आपल्याकडे दारात आलेल्याला ‘जेवलात का?’ म्हणून विचारतात, तसेच हे.

जाता जाता एक शब्द. गोऱ्या परदेशी माणसाला थाई भाषेत ‘फरांग’ म्हणतात. आपल्या ‘फिरंगी’चाच तो भाऊ. पण त्या भाषेत पेरूलाही ‘फरांग’च म्हणतात, कारण ते फळही समुद्रापलीकडून आले. आपल्या ‘पेरू’चे आणि कोंकणीतल्या ‘पेर’चे नावही पोर्तुगीजांकडूनच आलेले. आज हुआ हिनच्या बाजारात पेरूची फोड तिखट-मीठ-साखर लावून विकतात आणि ती परकी आहे असे कोणाच्या मनातही येत नाही. नाव परकेच राहिले. मूळ मात्र तिथल्या मातीत गेले. त्या म्हाताऱ्यालाही ती बाई अखेरपर्यंत फरांगच म्हणेल. त्यात आता काही वावगे नाही.