शत्रूचे वकीलपत्र

उर्दू माध्यमात शिकलेल्या आमच्यासारख्यांचे रहस्यकथांचे वाचन बहुधा इब्ने सफी यांच्यापासून सुरू होते. १९५२ साली सुरू झालेल्या त्यांच्या ‘जासूसी दुनिया’तला फरीदी गुन्हेगाराला गाठतो आणि कादंबरी संपते. मराठीत बाबूराव अर्नाळकरांची रीतही साधारण तीच. बेड्या पडल्या की वाचक निश्चिंत झोपतो. पुढे कोर्टात आणि तुरुंगात काय होते, हे लेखक सांगत नाही आणि आपणही विचारत नाही.

जॉन ग्रिशम या अमेरिकन वकील-कादंबरीकाराची ‘द चेंबर’ (१९९४) तिथूनच खऱ्या अर्थाने सुरू होते. ग्रिशम मराठी वाचकांच्या परिचयाचे झाले ते मुख्यतः मेहता पब्लिशिंग हाऊसच्या अनुवादांमुळे, आणि या प्रकाशनाची मुळे आमच्या कोल्हापुरातच आहेत. तरीही आपल्या मंडळींत या कादंबऱ्यांना ‘प्रवासात वाचायची पुस्तके’ म्हणून बाजूला सारले जाते. ‘द चेंबर’ला हा न्याय लावू नये, असे आम्हांस वाटते.

कथा मिसिसिपी राज्यातली आहे. काळ्या लोकांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या एका ज्यू वकिलाच्या कचेरीत १९६७ साली बॉम्बस्फोट होतो. त्याची पाच वर्षांची जुळी मुले मरतात. बाप अपंग होतो आणि पुढे आत्महत्या करतो. या कटात सामील असलेला सॅम केहॉल हा गोऱ्यांच्या वर्चस्वासाठी रक्त सांडणाऱ्या कू क्लक्स क्लॅनचा माणूस. पहिले दोन खटले निष्फळ ठरतात, १९८१ साली त्याला मृत्युदंड होतो. विषारी वायूच्या कोठडीत जाण्यास थोडे आठवडे उरले असताना त्याचे वकीलपत्र घ्यायला एक तरुण येतो. अॅडम हॉल हा सॅमचा नातू आहे.

ग्रिशम यांची पहिली कादंबरी ‘अ टाइम टु किल’ (१९८९) आपल्या वाचकाला अधिक जवळची वाटेल. तिथे आपल्या लहान मुलीवर अत्याचार करणाऱ्या दोन गोऱ्यांना गोळ्या घालणारा काळा बाप आरोपी आहे. त्याच्या जागी स्वतःला ठेवणे सोपे आहे. अल्पसंख्य समाजाचा वाचक मजलूमाच्या बाजूने सहज उभा राहतो. ‘द चेंबर’ मात्र आपल्याला जालिमासमोर बसवते. हा म्हातारा निर्दोष नाही, गोडही नाही. आपल्यासारख्यांचा द्वेष करण्यातच त्याची हयात गेली. पुस्तक अर्धे होईपर्यंत आमचे मन म्हणत होते, याला एकदाचे संपवा!

मग लक्षात येते की दयेचा निर्णय ज्याच्या हाती आहे, त्या गव्हर्नरनेच १९८१ साली सॅमविरुद्ध खटला चालवून नाव कमावले आहे. तो कायद्यापेक्षा लोकमताचा अंदाज घेत बसतो. इथे आम्ही थबकलो, कारण ते लोकमत आमच्या ओळखीचे होते.

गावित बहिणींचा बालहत्याकांड खटला कोल्हापूरच्या सत्र न्यायालयात चालला. २००१ साली फाशीची शिक्षा झाली, २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली, २०१४ साली राष्ट्रपतींनी दयेचा अर्ज फेटाळला आणि जानेवारी २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सरकारी दिरंगाईमुळे फाशीऐवजी जन्मठेप दिली. “एवढी वर्षे पोसायचे कशाला?” हे वाक्य चहाच्या टपरीवर आम्ही ऐकले आहे. खरे सांगायचे तर मानही डोलावली आहे. लहान मुलांचे खून कोण विसरेल? पण उद्या आपल्या मोहल्ल्यातला एखादा बेगुनाह पकडला गेला, तर आपण ज्या वकिलाची, ज्या अपिलाची, ज्या सब्राची अपेक्षा करू, ती दोषी माणसालाही मिळाली पाहिजेत. नाहीतर इन्साफ हा शब्द आपण फक्त आपल्या माणसांसाठी राखून ठेवला, असे होईल.

तरीही या कादंबरीवर आमची एक गंभीर तक्रार आहे. सॅमला एकेक दिवस मोजून मिळतो, पण ज्या आईची दोन मुले गेली तिच्या वाट्याला थोडीच पाने येतात. सॅमने पूर्वी जो लिंकन या काळ्या माणसाला त्याच्या मुलांसमोर गोळी घातलेली असते. ते घरही आठवणीपुरतेच येते. शेवटी सॅम या दोन्ही घरांना माफीची पत्रे लिहून ठेवतो. पत्रे पोहोचल्यावर तिथे काय घडले, हे मात्र ग्रिशम दाखवत नाहीत. आपल्याकडील किसासच्या विचारात मारलेल्याच्या वारसांना सजा मागण्याचा हक्क आहे, तसाच माफ करण्याचाही. इथे दोन्हींसाठी त्यांना कुणी विचारतच नाही. सरकार बोलते, मारेकऱ्याचा नातू बोलतो, वारस गप्प आहेत. फरीदीची कथा बेड्यांपाशी थांबते, ही कथा मृत्यूपाशी थांबते. दोन्हीकडे ज्यांचे नुकसान झाले त्यांचे घर पुस्तकाबाहेरच राहते.

ऑगस्ट २०२५ पासून सहा जिल्ह्यांसाठी उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झाले आहे. अपिलाची बाब आता मुंबईची राहिली नाही, आपल्या गल्लीतली झाली. अशा वेळी ही कादंबरी जरूर वाचावी, आणि मिटल्यावर त्या आईला ते पत्र मिळाले तेव्हा तिने काय केले असेल, हे घरच्यांशी बोलावे. आमच्या घरात यावर अजून एकमत झालेले नाही.