यादी हलवली, पण माणसांचं म्हणणं? ईमेल मार्केटिंगच्या मार्गदर्शिकांचं एक चिकित्सक वाचन

चिकित्सा किंवा समीक्षा म्हटलं की आपल्यासमोर कादंबरी येते, एखादा सिद्धान्त येतो, फार तर कोणाचा तरी शोधनिबंध येतो. पण संशोधनाची तयारी करताना मला सगळ्यात उपयोगी पडलेला सराव म्हणजे साधं सूचनापत्रक चिकित्सक नजरेने वाचणं. आज तेच करू. वाचायला घेतलेला मजकूर तुम्हाला रटाळ वाटेल: ग्राहकांची संपर्कमाहिती एका ईमेल मार्केटिंग प्लॅटफॉर्मवरून दुसऱ्यावर कशी न्यायची, हे सांगणाऱ्या मार्गदर्शिका.

तुम्ही म्हणाल, आपला काय संबंध? आहे ना. उद्या तुम्ही एखाद्या संस्थेच्या, ग्रंथदालनाच्या किंवा माजी विद्यार्थी संघाच्या ईमेल यादीवर प्रश्नावली पाठवाल आणि प्रबंधात लिहाल, "यादीतील सर्व सदस्यांना प्रश्नावली पाठवली." ती यादी तुमच्याकडे येण्याआधी कदाचित दोनदा-तीनदा घर बदलून आलेली असते. त्या प्रवासात तिचं काय झालं, यावर तुमचा नमुना आणि तुमचं नैतिक समर्थन दोन्ही उभं असतं.

माझा मुद्दा आधीच सांगते. या मार्गदर्शिका माहिती हलवण्याकडे सामान हलवण्यासारखं बघतात. प्रत्यक्षात ते भाषांतर असतं. आणि या भाषांतरात आधी गळतं ते त्या माणसांनी दिलेलं उत्तर: हो की नाही, कधी, आणि कशासाठी.

मार्गदर्शिका काय सांगतात

मेलचिंप घ्या, ब्रेव्हो घ्या, झोहो कॅम्पेन्स घ्या. क्रम साधारण एकच असतो. जुन्या ठिकाणाहून सीएसव्ही फाइल एक्सपोर्ट करा. नको ते पत्ते काढून फाइल साफ करा. नव्या ठिकाणी इम्पोर्ट करा. रकाने जुळवा. टॅग लावा. चाचणीचा मेल पाठवा. झालं.

भाषा सोपी, पायऱ्या स्पष्ट. आता क्रियापदं बघा: काढा, साफ करा, जुळवा, चढवा. या सगळ्यांचं कर्म एकच, 'कॉन्टॅक्ट'. ज्या बाईने कधीतरी फॉर्म भरला, किंवा नंतर वैतागून 'मेल नकोत' वर क्लिक केलं, ती कुठल्याच वाक्यात कर्ता म्हणून येत नाही. व्याकरणातली ही गोष्ट पुढे माहितीच्या रचनेतही उतरते, म्हणून तिच्याकडे लक्ष द्यायचं.

हलवाहलव दरवेळी हौसेने होते असंही नाही. टायनीलेटर ही छोट्या पत्रलेखकांची आवडती सेवा मेलचिंपने 2011 मध्ये विकत घेतली आणि 29 फेब्रुवारी 2024 ला बंद केली. तिथल्या लोकांना उठावंच लागलं. अशा घाईत माणूस मार्गदर्शिकेत लिहिलंय तेवढंच करतो, आणि जे लिहिलेलं नाही ते राहून जातं.

'नाही' कसं हरवतं

मेलचिंपची अख्खी यादी एक्सपोर्ट केली की एक झिप फाइल मिळते. तिच्यात सदस्यांच्या स्थितीप्रमाणे वेगवेगळ्या फाइली असतात: सबस्क्राइब्ड, अनसबस्क्राइब्ड, क्लीन्ड. ज्याला पुढच्या आठवड्यात मेल पाठवायचा आहे तो कुठली उचलेल? पहिली. बाकीच्या 'नकार दिलेले लोक कशाला न्यायचे' म्हणून तिथेच राहतात.

वरवर हे शहाणपणाचं वाटतं. काही ठिकाणी त्याला पैशांचं कारणही आहे. मेलचिंपने 2019 पासून नव्या प्लॅनमध्ये अनसबस्क्राइब केलेले, पण आर्काइव्ह न केलेले लोकही बिलाच्या मोजणीत धरायला सुरुवात केली. म्हणजे 'नाही' जपून ठेवायलाही भाडं.

पण पुढे काय होतं बघा. समजा सहा महिन्यांनी दुकानातल्या काउंटरवरची जुनी एक्सेल फाइल कोणीतरी नव्या प्लॅटफॉर्मवर चढवली. त्या फाइलमध्ये ती बाई अजून आहेच. तिने नकार दिला होता हे जुन्या प्लॅटफॉर्मला माहीत होतं, नव्याला नाही. तिला पुन्हा मेल जातो. अमेरिकेच्या 2003 च्या कॅन-स्पॅम कायद्यानुसार नकाराची अंमलबजावणी कामाच्या 10 दिवसांत व्हायला हवी. प्लॅटफॉर्म बदलला की तो नकार संपतो, असं कायदा म्हणत नाही. म्हणून नकाराची यादी नव्या ठिकाणी आधी न्यायची आणि चालू यादी नंतर. हा क्रम मार्गदर्शिकेत पहिली पायरी म्हणून ठळक यायला हवा; बहुतेक वेळा तो येतो तळटीपेसारखा.

आणखी एक बारकावा आहे, आणि तो खास आपल्या कामाचा. 'अनसबस्क्राइब्ड' हा माणसाचा निर्णय. 'क्लीन्ड' म्हणजे मेल पोचलाच नाही, पत्ता बंद पडला. नव्या ठिकाणी या दोघांना एकाच 'पाठवू नका' यादीत टाकलं की पाठवणाऱ्याचं काम भागतं, संशोधकाचं मात्र बिघडतं. सर्वेक्षणशास्त्रात 'नकार' आणि 'संपर्क न होणे' हे वेगळे प्रकार मोजतात, कारण त्यांनी येणारा पूर्वग्रह वेगळा असतो. जेफ्री बोकर आणि सुझन ली स्टार यांनी 1999 च्या 'सॉर्टिंग थिंग्ज आउट' या पुस्तकात दाखवलं की वर्गीकरणाच्या निरुपद्रवी वाटणाऱ्या कप्प्यांमध्येही निर्णय दडलेले असतात. दोन कप्प्यांचा एक करणं हाही तसाच निर्णय.

'हो' चा पुरावा कुठे जातो

त्याच एक्सपोर्ट फाइलमध्ये काही कंटाळवाणे रकाने असतात: सदस्याने होकार कधी दिला, तो पक्का कधी केला, कुठल्या आयपी पत्त्यावरून. नव्या प्लॅटफॉर्मवर रकाने जुळवताना यांना जोडीदार सापडत नाही, आणि समोर सोपा पर्याय असतो: हा रकाना वगळा. वगळला की सदस्य झाल्याची तारीख म्हणून इम्पोर्टची तारीख बसते. आता या माहितीचा आलेख काढा. एकाच मंगळवारी हजारो लोक सदस्य झालेले दिसतील! त्या मंगळवारी काय घडलं याची सुंदर कारणमीमांसा करणारा विद्यार्थी निघणारच नाही असं नाही.

कायद्याच्या बाजूने हे आणखी गंभीर आहे. युरोपच्या जीडीपीआरमधलं कलम 7 म्हणतं की संमतीवर विसंबून माहिती वापरत असाल तर ती मिळाली होती हे तुम्हाला दाखवता आलं पाहिजे. आपल्याकडच्या 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यातही कलम 6 मध्ये पुराव्याची जबाबदारी माहिती वापरणाऱ्यावरच टाकली आहे.

ब्रिटनमधली दोन प्रकरणं इथे वाचण्यासारखी आहेत. दोन्ही प्लॅटफॉर्म बदलण्याची नाहीत, पण काय हरवलं की काय होतं ते नेमकं दाखवतात. मार्च 2017 मध्ये तिथल्या माहिती आयुक्त कार्यालयाने फ्लायबी या विमान कंपनीला 70,000 पौंड दंड केला. कंपनीने 33 लाखांहून जास्त मेल अशा लोकांना पाठवले होते, ज्यांनी आधीच नकार दिला होता. मेलमध्ये विचारलं होतं, तुमची माहिती बरोबर आहे ना? त्याच वेळी होंडा मोटर युरोपला 13,000 पौंड दंड झाला. त्यांनी 2,89,790 मेल पाठवून विचारलं होतं की आमच्याकडून मेल आलेले आवडतील का. पण त्या लोकांची संमती होती हे त्यांना दाखवता आलं नाही. पहिल्या प्रकरणात 'नाही' असूनही वापरलं गेलं नाही, दुसऱ्यात 'हो' चा पुरावा नव्हता. 'सगळ्यांना एक मेल टाकून पुन्हा संमती विचारू' हा अनेकांना सुचणारा उपाय दोन्ही ठिकाणी गुन्ह्याचाच भाग ठरला.

मग मार्गदर्शिका संमतीबद्दल बोलतच नाहीत का? बोलतात. इम्पोर्ट करताना बहुधा एक चौकोन येतो: 'या लोकांची परवानगी माझ्याकडे आहे.' पण तो प्रश्न यादीच्या मालकाला विचारलेला असतो. हेलन निसेनबॉम यांची 'संदर्भनिष्ठ अखंडता' ही संकल्पना इथे उपयोगी पडते: माहिती ज्या संदर्भात दिली, त्या संदर्भाचे संकेत तिच्यासोबत चालत येतात. वॉरंटीसाठी दिलेला पत्ता दिवाळी सेलसाठी वापरला तर पत्ता तोच राहतो, संदर्भ मोडतो. 'कशासाठी दिला' असा रकानाच नसेल तर चौकोनातली टिक ही निव्वळ औपचारिकता.

तारखा, नावं आणि 'सक्रिय' माणसं

सीएसव्ही फाइल डबल-क्लिक करून एक्सेलमध्ये उघडली की काय होतं हे मराठी माणसाला सांगायला नको. देवनागरी नावांच्या जागी अगम्य चिन्हांची खिचडी दिसते, आणि ती तशीच सेव्ह केली तर मूळ नावं परत मिळतीलच असं नाही. 91 ने सुरू होणारे लांब फोन नंबर 'ई' वाल्या आकड्यांत बदलतात. 03/04/2019 म्हणजे 3 एप्रिल की 4 मार्च, हे दोन प्लॅटफॉर्म दोन तऱ्हेने वाचू शकतात. हे फक्त मार्केटिंगवाल्यांचं दुखणं नाही. 2016 मध्ये 'जीनोम बायोलॉजी' या नियतकालिकातल्या एका अभ्यासात, एक्सेलमध्ये जनुकांच्या याद्या जोडलेल्या शोधनिबंधांपैकी सुमारे एक-पंचमांश निबंधांत नावांच्या चुका सापडल्या. 'मार्च 1' नावाचं जनुक एक्सेलने तारीख करून टाकलं होतं. शेवटी 2020 मध्ये जनुकांचीच नावं बदलली गेली.

मार्गदर्शिकांचा दुसरा लाडका सल्ला म्हणजे 'सहा महिन्यांत मेल न उघडणाऱ्यांना नेऊ नका.' सप्टेंबर 2021 मध्ये ॲपलने आयओएस 15 सोबत मेल प्रायव्हसी प्रोटेक्शन आणलं. ते चालू असेल तर मेलमधली चित्रं आधीच उतरवून घेतली जातात, आणि माणसाने मेल बघितला नसला तरी तो 'उघडला' अशी नोंद होते. म्हणजे या गाळणीतून ॲपल मेल वापरणारे सहज पार होतात आणि इतर लोक गळतात. नव्या यादीत महागडे फोन वापरणाऱ्यांचं प्रमाण वाढलेलं असू शकतं, आणि ते कुठेही लिहिलेलं नसतं. याला म्हणतात नमुन्यातला पूर्वग्रह. 'साफ करा' या साध्या शब्दाआड तो लपून बसतो.

न्यायाने बोलायचं तर

या मार्गदर्शिका काही गोष्टी फार चांगल्या समजावतात. फेब्रुवारी 2024 पासून गूगल आणि याहूने मोठ्या प्रमाणावर मेल पाठवणाऱ्यांसाठी नियम कडक केले. जीमेल खात्यांवर दिवसाला 5,000 च्या वर मेल पाठवणाऱ्यांना एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क हे तिन्ही लागतात, एका क्लिकवर नकार देण्याची सोय लागते, आणि स्पॅमच्या तक्रारी 0.3 टक्क्यांच्या खाली ठेवाव्या लागतात. हे सगळं मार्गदर्शिकांत चित्रांसह मिळतं.

हेच इतकं नीट का येतं? कारण इथे चुकलं तर मेल स्पॅममध्ये जातो आणि नुकसान पाठवणाऱ्याचं नि प्लॅटफॉर्मचं होतं. ज्या चुकीचा भुर्दंड मेल घेणाऱ्याला पडतो, तिथे मजकूर आखडतो. संध्याकाळी गल्ला मिटवून बसलेल्या दुकानदाराला लांबलचक प्रवचन नको असतं, हे मान्य. पण 'नकाराची यादी आधी चढवा, होकाराच्या तारखेसाठी वेगळा रकाना बनवा' ही दोन वाक्यं आहेत. ती न लिहिण्याचं कारण जागेची टंचाई हे नक्कीच नाही.

तुमच्या कामासाठी

कोणी यादी दिली की एवढं विचारा: ही यादी किती ठिकाणांहून फिरून आली? नकार दिलेल्यांची फाइल वेगळी आहे का? तारीख सदस्य झाल्याची आहे की इम्पोर्टची? 'निष्क्रिय' म्हणून कोणाला काढलं, कुठल्या निकषावर? आणि लोकांनी पत्ता कशासाठी दिला होता?

'आपलं संशोधन आहे, आपल्याला सूट असते' असं कोणी म्हणेल. 2023 च्या कायद्यात कलम 17 मध्ये संशोधनासाठी सूट आहे खरी, पण ती सशर्त आहे: त्या माहितीवरून त्या विशिष्ट व्यक्तीबद्दल निर्णय घ्यायचा नाही आणि ठरवून दिलेली मानकं पाळायची. शिवाय कायद्याची सूट मिळाली म्हणून कोणाच्या 'नाही' चं 'हो' होत नाही. तुमच्या संस्थेची नैतिकता समिती हा प्रश्न स्वतंत्रपणे विचारेल, आणि विचारावाच.

उत्तरं मिळाली की संशोधन पद्धतीच्या प्रकरणात साधंसं लिहा: "ही यादी दोनदा स्थलांतरित झाली आहे, पहिल्या स्थलांतरातील नकारांची नोंद उपलब्ध नाही, नोंदणीच्या तारखा विश्वासार्ह नसल्याने कालानुसार विश्लेषण केलेलं नाही." तुमचा मार्गदर्शक कदाचित म्हणेल, एवढं कशाला लिहिलंस? राहू द्या ते वाक्य. तोंडी परीक्षेत यादीबद्दल पहिला प्रश्न आला की तेच कामाला येईल.