धावत्या समालोचनाची मराठी : नाम आणि क्रियापद

आकाशवाणीवरील मराठी क्रिकेट-समालोचनाविषयी आपल्याकडे जे काही लिहिले जाते त्याचे स्थूलमानाने दोन पक्ष पडतात. एका पक्षाला 'यष्टिरक्षक', 'त्रिफळाचीत', 'निर्धाव षटक' यांसारख्या शब्दांचा अभिमान वाटतो; मराठीने एक परका खेळ आपल्या शब्दांत बसविला, असे तो म्हणतो. दुसऱ्या पक्षाला हेच शब्द कृत्रिम व अवजड वाटतात आणि तो त्यांची थट्टा करतो. हे दोन्ही पक्ष परस्परविरुद्ध दिसत असले तरी त्यांचे एका गोष्टीवर एकमत आहे, व ती गोष्टच तपासून पाहण्यासारखी आहे. दोघेही समालोचनाची परीक्षा नामांवरून करतात. प्रस्तुत टिपणाचे म्हणणे असे की, समालोचनाचे यश अथवा अपयश नामांत नसून क्रियापदांत आहे.

प्रथम थोडा इतिहास. मुंबईचे नभोवाणी केंद्र २३ जुलै १९२७ रोजी सुरू झाले. त्याच वर्षी जानेवारीत इंग्लंडमध्ये बी. बी. सी. ने रग्बीच्या सामन्याचे धावते वर्णन प्रथम प्रक्षेपित केले होते. मुंबईत क्रिकेटचे धावते वर्णन १९३४ मध्ये चौरंगी सामन्यांच्या निमित्ताने बॉबी तल्यारखान यांनी सुरू केले. ते इंग्रजीत असे आणि दिवसभराचे वर्णन ते एकटेच करीत. पुढे २ ऑक्टोबर १९५३ रोजी पुण्याचे केंद्र निघाले. मराठीतून समालोचन रूढ झाल्यावर त्याच्याशी ज्यांचे नाव अभिन्नपणे जोडले गेले, ते बाळ ज. पंडित स्वतः क्रिकेट खेळलेले होते आणि लेखकही होते. खेळाची जाण आणि लेखणीचा सराव या दोहोंचा संयोग केवळ योगायोग मानता येणार नाही. या कामाला दोन्ही गुण लागतात.

आता परिभाषेकडे वळू. हे शब्द कृत्रिम आहेत हा आक्षेप बारकाईने पाहता टिकत नाही. 'गोलंदाज' हा शब्द मराठीत तोफखान्यातून आलेला आहे. त्यातील 'अंदाज' हा फार्सी अंश 'फेकणारा' या अर्थाचा आहे. 'तिरंदाज' व 'बरकंदाज' ही त्याचीच भावंडे होत. या साच्यावर 'फलंदाज' हा शब्द घडला. व्युत्पत्ती काटेकोरपणे लावली तर त्याचा अर्थ 'फळी फेकणारा' असा होईल, आणि फळी फेकणे हे काही फलंदाजाचे काम नव्हे. परंतु भाषा व्युत्पत्ती विचारीत नाही. ती सादृश्य पाहते. 'चीत' कुस्तीच्या आखाड्यातून आला व 'धावचीत', 'पायचीत', 'यष्टिचीत' अशी एक नियमित मालिका त्याने निर्माण केली. 'पंच' गावच्या चावडीवरून आला. पाचांचा अर्थ गळून तो दोघांनाही लागू झाला. 'झेल' हा तर 'झेलणे' या धातूचाच अंश. सारांश, ही परिभाषा शब्दकोशाच्या कचेरीत तयार झाल्यासारखी दिसत नाही. तीत आखाडा, तोफखाना व चावडी यांचा संस्कार आहे.

हे शब्द लांब असल्यामुळे धावत्या बोलण्यास सोयीचे नाहीत, हा दुसरा आक्षेप. उच्चारातील अवयव मोजून पाहिले असता काय दिसते? 'यष्टिरक्षक' आणि 'विकेटकीपर' या दोहोंचे अवयव प्रत्येकी चार आहेत. 'षटकार' आणि 'सिक्सर' प्रत्येकी दोन. 'पायचीत' दोन अवयवांचा, तर 'एलबीडब्ल्यू' चार अवयवांचा. उलट 'बोल्ड' हा एकावयवी शब्द 'त्रिफळाचीत'पेक्षा पुष्कळच आखूड आहे, आणि 'क्षेत्ररक्षक'पुढे 'फील्डर' सरस ठरतो. म्हणजे लांबीच्या कसोटीवर हा सामना बरोबरीत सुटतो. तिचा निर्णय कोणत्याही पक्षाच्या उपयोगाचा नाही.

खरी अडचण वेळेची आहे आणि ती सर्व भाषांना सारखीच आहे. ताशी १४० किलोमीटर वेगाने टाकलेला चेंडू गोलंदाजाच्या हातून फलंदाजापर्यंत सुमारे अर्ध्या सेकंदात पोहोचतो. तेवढ्यात मनुष्याच्या तोंडून दोन-तीन अवयव बाहेर पडतात. अर्थात चेंडूचे वर्णन चेंडू पडत असताना होऊच शकत नाही. समालोचक आधी धावेचे वर्णन करतो, मग क्षणभर थांबतो, व नंतर घडून गेलेले सांगतो. ही वर्तमानातून भूतात जाणारी उडी प्रत्येक भाषेला आपापल्या व्याकरणाने मारावी लागते.

येथे मराठीचे वैशिष्ट्य दिसते. चार्ल्स फर्ग्युसन यांनी १९८३ मध्ये प्रामुख्याने अमेरिकन क्रीडावर्णनांचा अभ्यास करून त्यांच्या वाक्यरचनेचे विशेष नोंदविले. कर्ता अथवा सहायक क्रियापद गाळणे, शब्दक्रम उलटा करणे, साध्या वर्तमानकाळाचा वापर करणे हे त्यांतील काही होत. इंग्रजीत 'येतो आणि टाकतो' हे सारे एकाच काळात सांगता येते. मराठीत 'ती धावत येते' या वाक्यात क्रियापद कर्त्याला अनुसरते. परंतु 'तिने चेंडू टाकला' म्हणताच प्रयोग कर्मणी होतो, कर्ता तृतीयेत जातो आणि क्रियापद चेंडूच्या लिंगवचनाप्रमाणे चालू लागते. मैदानावरही नेमके हेच घडते. चेंडू सुटेपर्यंत सर्वांची दृष्टी गोलंदाजावर असते, सुटल्यावर ती चेंडूवर जाते. प्रेक्षकांच्या दृष्टीचे हे स्थलांतर मराठी व्याकरण आपण होऊन दाखविते. मराठी समालोचन हे इंग्रजीचे भाषांतर होय, असे म्हणणाऱ्यांनी या एका गोष्टीचा विचार करावा.

शब्दक्रमाचेही असेच. मराठीत क्रियापद वाक्याच्या शेवटी येते. 'चेंडू मिडऑनच्या डावीकडून सीमारेषेकडे…' येथपर्यंत श्रोत्याला निकाल ठाऊक नसतो. 'गेला' की 'अडवला', हे शेवटचा शब्द ठरवितो. कसलेला समालोचक हा विलंब मुद्दाम वापरतो, आणि घाई असेल तेव्हा 'गेला, सीमारेषेबाहेर गेला' असे म्हणून क्रियापद पुढे आणतो. उत्कंठा व वार्ता या दोन्ही सोयी एकाच रचनेत उपलब्ध आहेत.

समालोचकाचा अभिप्रायही क्रियापदातच राहतो. 'झेल सुटला' आणि 'झेल सोडला' यांत एका स्वराचा व एका व्यंजनाचा काय तो फरक. पण पहिल्यात दोष कोणाचाच नाही, दुसऱ्यात तो क्षेत्ररक्षकाचा आहे. 'पायचीत झाला' म्हणणारा निर्णय स्वीकारतो. 'पायचीत दिला' म्हणणारा तो पंचांच्या पदरी टाकतो. 'चेंडू सोडला' यापेक्षा 'चेंडू सोडून दिला' यात फलंदाजाचा विचारपूर्वक संयम अधिक स्पष्ट होतो. ही विवेचकता ज्याला साधली तो उत्तम समालोचक, मग त्याच्या बोलण्यात 'स्लिप' आणि 'गुगली' कितीही वेळा येवोत.

आणि येथेच आपल्या समालोचनाचा खरा दोषही दाखविता येतो. शुद्धतेचा आग्रह धरणारा 'उत्कृष्ट क्षेत्ररक्षण केले' असे म्हणतो. इंग्रजीकडे झुकलेला 'छान डिफेन्ड केला' असे म्हणतो. एकाचे नाम संस्कृत, दुसऱ्याचे इंग्रजी. क्रियापद दोघांचेही 'करणे'. तटवणे, टोलवणे, ढकलणे, फटकावणे, अडवणे, झेपावणे या धातूंना दोघांनीही रजा दिलेली असते. त्यातच 'चेंडू टाकण्यात आलेला आहे' असली कचेरीतील टिपणीची भाषा शिरली म्हणजे धावते समालोचन चालतही नाही, खुरडू लागते. भाषाशुद्धीचे वाद नामांभोवती घुटमळत राहिल्यामुळे ही हानी कोणाच्या फारशी लक्षात आली नाही.

अर्जुन अप्पादुराई यांनी १९९६ च्या आपल्या ग्रंथात क्रिकेट भारतीय कसे झाले याची मीमांसा करताना देशी भाषांतील समालोचनाला महत्त्वाचे स्थान दिले आहे. ते योग्यच आहे. परंतु खेळ आपला झाला, हे सिद्ध करण्यास परिभाषेची यादी पुरेशी नाही; तो आपल्या प्रयोगांत आणि आपल्या काळांत सांगितला जातो काय, हे पाहिले पाहिजे. १९७२ मध्ये मुंबईत दूरचित्रवाणी आली आणि पुढे सामना डोळ्यांनी दिसू लागला, तेव्हा वर्णनाचा भार शब्दांवरून उतरला. दिसणाऱ्या गोष्टीला क्रियापद लागत नाही. नाव व आकडा पुरतो. म्हणून केवळ कानासाठी घडलेली ही मराठी भाषेच्या अभ्यासकाला विशेष मोलाची आहे. विभागातील पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी जे ध्वनिमुद्रण हाती येईल त्याचे लिप्यंतर करावे, आणि शब्दांची यादी करण्यापूर्वी त्यातील क्रियापदे मोजावीत. मराठीचा कस तेथे लागलेला आहे.