भिवंडीत आठवलेली रावळपिंडी

भीष्म साहनी यांच्या ‘आज के अतीत’ (२००३) या आत्मकथेतील भिवंडीचा प्रसंग आत्मकथन आणि इतिहास यांच्या संबंधाचा विचार करताना महत्त्वाचा ठरतो. मे १९७० च्या दंगलीनंतर ते बंधू बलराज यांच्यासमवेत भिवंडीत गेले. यंत्रमागांच्या खडखडाटावर जगणाऱ्या या गावातील जळालेली घरे आणि तेथील शांतता अनुभवताना त्यांना १९४७ मधील आपली रावळपिंडी आठवली. ‘तमस’ या कादंबरीचा आरंभ या अनुभवातून झाला.

स्मृती ही मनात जपलेली ठेव असून आत्मकथनकार ती केवळ बाहेर काढतो, असे सामान्यतः गृहीत धरले जाते. येथे ते गृहीत तपासावे लागते. जन्मगाव दुरावल्याच्या दुःखाने २३ वर्षे कादंबरीचे रूप घेतले नव्हते. परक्या गावातील माणसांच्या हानीसमोर उभे राहिल्यावर ते आकारास आले. भिवंडीतील मृतांत मुसलमान अधिक होते. साहनींचे कुटुंब रावळपिंडीतील हिंदू. तरीही एका हानीला दुसरीची ओळख पटली. अस्मितेचा शोध येथे ‘पर’च्या वाटेने लागतो.

‘तमस’मध्ये आत्मकथनपर ‘मी’ नाही. तीत निर्वासितांकडून केवळ आकडे मागणारा मदत समितीचा बाबू आहे. कादंबरी त्या आकड्यांआडच्या माणसांकडे वळते. परंतु तिच्या संहितेत भिवंडीही नाही. हे ऋण ३३ वर्षांनी आत्मकथेने मान्य केले. बलराज १९७३ मध्ये निवर्तले होते. त्यामुळे ही नोंद गमावलेल्या भावाच्या सोबतीचीही स्मृती ठरते.

तथापि या लेखनात भिवंडी निमित्तच राहते. तिची हानी न्यायमूर्ती मादन आयोगाच्या अहवालात साक्षीपुराव्याच्या भाषेत नोंदली गेली. साक्षीदाराला विचारलेल्या प्रश्नापुरतेच बोलता येते; आपले आयुष्य कोठून सांगावयाचे, हे ठरविण्याचा अधिकार आत्मकथन देते. ‘बलुतं’ (१९७८) नंतर मराठी वाचकाला या अधिकाराचे मोल वेगळे सांगावे लागत नाही. रावळपिंडीच्या स्मृतीला भिवंडीने वाचा दिली. भिवंडीची स्मृती तिच्याच माणसांच्या तोंडून ऐकण्याची तयारी मराठी साहित्यव्यवहाराने कितपत ठेवली, हा प्रश्न मात्र साहनींच्या आत्मकथेबाहेर, मराठी समीक्षेपुढे उभा राहतो.